गेटच्या अलीकडे

“अंकल, इथेच. हिला उतरू दे.”

सना मोबाईलमधून मान वरही न काढता म्हणायची. अब्बा ब्रेक दाबायचे. मी उतरायचे. शारजाचं ऊन सकाळीच अंगावर यायचं.

अब्बा सनाच्या वडलांचे ड्रायव्हर. सेठ आमच्याच रत्नागिरीकडचे, पण आमचा व्हिसा त्यांच्या हातात. सनाचं कॉलेज खासगी, सगळं काचेचं. त्याच रस्त्यावर पुढे माझं सरकारी कम्युनिटी कॉलेज. तिच्या गेटवर मैत्रिणी उभ्या असायच्या. त्यांना मी गाडीत दिसायला नको. म्हणून अलीकडच्या गोल चौकात, राउंडअबाऊटला, मला उतरवायचं. मग मी चालत त्याच गेटसमोरून जायचे आणि सना मला ओळखायची नाही.

एकदा सेठानीने पाहुण्यांसमोर दोन्ही कॉलेजं मापली. मी बिर्याणी वाढत होते.

“आमच्या सनाच्या कॉलेजात स्विमिंग पूल आहे. हिचं काय, सरकारी. नापास पोरांना बसवायची जागा.”

सगळे हसले. अब्बा दारात उभे होते. तेही हसले. सेठानीचं बोलणं मी एक वेळ गिळलं असतं. अब्बांचं हसणं नाही गिळता आलं.

आमचे अकाउंट्सचे सर सकाळी तिच्या कॉलेजात शिकवतात, दुपारी आमच्या. एकदा वर्गातल्या पडद्यावर, स्लाइडच्या कोपऱ्यात, त्या कॉलेजचं नाव तसंच राहिलं होतं. मी विचारलं, “सर, तिथेही हेच शिकवता?”

“सेम टू सेम. फक्त तिथलं पार्किंग मोठं आहे.”

वर्ग हसला. माझं डोकं फिरलं. मग मी रोज उतरत होते कशासाठी?

दुसऱ्या दिवशी राउंडअबाऊट आला. सना काही बोललीही नव्हती, तरी अब्बांचा पाय ब्रेककडे गेला.

“अब्बा, थांबवू नका.”

“उतर गो बाय. तमाशा नको.”

“नाही उतरणार.”

“अंकल, स्टॉप द कार!”

मागून हॉर्न. अब्बांना काही सुचेना. त्यांनी राउंडअबाऊटला एक फेरी मारली. मग दुसरी. मग एकदम गाडी सरळ गेटवर नेली.

मी आधी उतरले. तिच्या मैत्रिणींना सांगितलं, “मैं इसके ड्रायव्हर की बेटी. रोज इसी गाडी में आती हूँ. ये मुझे पीछे उतार देती है.”

सनाचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

संध्याकाळी सेठचा निरोप आला. पोरीने माफी मागायची, नाहीतर व्हिसा खलास. अब्बांनी माझ्यापुढे हात जोडले. मी माफी मागितली नाही. सेठनी व्हिसाही तोडला नाही. इतका गप्प ड्रायव्हर त्यांना मिळणार कुठे? मला मात्र गाडी बंद झाली. आता मी बसने जाते.

आमच्याकडची दोन वर्षं झाली की तिच्या कॉलेजात थेट तिसऱ्या वर्षाला घेतात. मी जाणार. त्याच गेटमधून जाणार, तिच्याच वर्गात, तिच्या पुढच्या बाकावर बसणार. नोकरी लागली की अब्बांचा व्हिसा मी काढणार. आणि अब्बांकडची गाडीची किल्ली सेठानीला मी स्वतः नेऊन परत देणार. पाहुणे जेवायला बसलेले असतील, तेव्हाच.