आबांच्या बाजूची काच

वडिलांची, म्हणजे आबांची, जुनी मोटार मी पुन्हा उभी केली ती फक्त त्यांनी घराबाहेर पडावं म्हणून. काचबिंदूने नजर गेल्यापासून त्यांनी बाज धरली होती. रंगवलेली गाडी दारात आली तेव्हा मात्र चाचपडत तेच आधी डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. मग पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जाणं सुरू झालं. तोंडावर हसू असायचं. पण पाऊस लागला, समोरच्या काचेतून पाणी आलं आणि थेट त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर पडलं.

“गाडी गळायलीय. मी काई आता येत न्हाई,” म्हणाले आणि पुन्हा बाजेवर आडवे झाले.

परभणीतल्या काचवाल्याने नवं रबर घातलं. रबराच्या खाचेत दोरी भरून, ती आतून ओढत काच बसवली आणि पाइपने खालच्या कडेवर पाणी मारून दाखवलं. एक थेंब नाही. परतताना पिंगळी गावाच्या अलीकडे पावसाची सर आली आणि सीट ओली. दुसऱ्याने कडेने सिलिकॉन थापलं, तेही वेड्यावाकड्या मिश्या काढल्यासारखं. तिसऱ्याने खालचा पत्रा गंजल्याचं निदान करून ताज्या रंगावर वेल्डिंग केलं. त्या दिवशी मी घरी जेवलोच नाही, इतकं डोकं फिरलं होतं. गावात तर ज्याला त्याला उपाय ठाऊक. एकाने डांबर सुचवलं, एकाने मेण. शेजारच्या सुताराने सांगितलं, “ताडपत्री टाका सर, लय बेस.” ताडपत्रीखालून रस्ता कसा दिसणार, हे विचारायचीही मला ताकद उरली नव्हती.

शेवटी मी आबांच्या सीटवर बसलो आणि बायकोला पाइप टपावर धरायला लावला. खालून काही नाही. वर, काचेच्या माथ्याला टांगलेल्या नृसिंहाच्या छोट्या तसबिरीमागून एक थेंब घरंगळला. मग दुसरा. तसबीर उचलली तर मागे लाकडात मारतात तसला चांगला लांब स्क्रू. त्याचं टोक पत्रा फोडून टपाच्या कडेच्या पट्टीखाली निघालेलं, म्हणून बाहेरून कुणाला दिसलं नव्हतं. तिन्ही मिस्त्र्यांनी कामाआधी त्याच तसबिरीला हात जोडले होते आणि मग खाली वाकले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

स्क्रू मारणारा कोण, तर ताडपत्री सुचवणारा सुतारच. गाडीच्या पूजेच्या दिवशी आबांनी त्याच्याकडून मारून घेतला होता.

“अहो, मग इतके दिवस सांगितलं का नाही?”

“देव बसलाय तिथून कसं गळंल, सर?” तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही.

मी स्क्रू उपटला, भोक बुजवलं आणि तसबीर खाली डॅशबोर्डवर चिकटवली. आबांची मनधरणी करून त्यांना गाडीत बसवलं. त्यांनी सवयीने हात वर नेला. काचेच्या माथ्यावर बोटं इकडून तिकडे फिरली.

“देव कुटं गेला?”

मी त्यांचा हात धरून खाली तसबिरीवर ठेवला. त्यांनी तो काढून घेतला.

“हितं नको. वर हात लावला की कळतं आपण गाडीत बसलाव. न्हाई तर बाजंवर काय आन् हितं काय, मला सारकंच की रे.” आणि ते उतरायला लागले.

मला संताप आला. त्यांचा, सुताराचा, त्या काचेचा, सगळ्यांचा. त्या संतापातच मी ड्रिल आणलं आणि इतक्या खटपटीनंतर कोरड्या झालेल्या गाडीला माझ्या हाताने पुन्हा त्याच जागी भोक पाडलं. आखूड स्क्रू, रबरी वॉशर, वर सिलिकॉन, आणि तसबीर पुन्हा जागेवर. माझ्याकडून होतं ते सगळं केलं.

पुढच्या पावसात पोखर्णीच्या वाटेवर तसबिरीखालून एक थेंब सुटला आणि आबांच्या गुडघ्यावर पडला. त्यांनी माझ्या बाजूला कान दिला, धोतराच्या सोग्याने गुडघा हळूच पुसला आणि औंदा कापूस कसा हाय म्हणून विचारलं. मी कापसाचं सांगत राहिलो.