फोन कुणी झटकून बघत नाही

भांडेवाल्याला जुनी साडी द्यायची असली की आमच्या घरी ती आधी झटकून बघतात. पदराच्या गाठीत एखादी नोट राहिलेली असते. फोन मात्र कुणी झटकत नाही.

मी घरी साड्यांना फॉल लावते. दुकानाच्या मालकीणबाई मजुरी डिजिटल रुपयात देतात. बँकेच्या माणसानं सांगितलं होतं, "हे खात्यातले पैसे नाहीत, नोटाच आहेत, फक्त फोनमध्ये." तिथं नोटांची चित्रंही दिसायची, म्हणून मला पटलं. त्यातूनच चष्मा घ्यायचा होता. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागत होती. फोनमधले आकडे दिसत नसल्यानं पिनही तीच टाकायची.

एकदा मशीनवरून पडून फोन बंद पडला. लेकीनं सिम काढून तिच्या जुन्या फोनमध्ये घातलं. मी दुकानातून परतले तर सासूबाई नवी चाळणी धूत होत्या.

"तुझ्या मेलेल्या फोनवर दिली भांडेवाल्यानं. लई घासाघीस केली."

"अहो, त्यात माझ्या नोटा होत्या!"

"मग आधी काढून नाय का घ्यायच्या?"

दुसऱ्या दिवशी बँकेत मी भिंतीला लागून उभी राहिले. मागून आलेले पुढं जात होते. शेवटी काउंटरवरच्या मुलीनंच विचारलं, "मावशी, तुमचं काय?"

"माझ्या नोटा चाळणीत गेल्या."

सगळं ऐकून ती हसली. लेकीच्या फोनमध्ये तिनं ते ॲप घातलं, पिन विचारला, आणि नोटा परत दिसल्या. फोन गेला तरी सिम आणि पिन असला की पैसे तुमचेच, म्हणाली.

मी निघायला हवं होतं. पण विचारलं, "पिन शेजारणीला माहीत असला तर?"

तिचं हसू थांबलं. "असं करू नका. कुणी पैसे काढले तर तुम्हीच पिन दिला, असं म्हणतील."

"आणि मी दिलाच नसेल तर?"

"तर लगेच तक्रार करायची. हेल्पलाइन आहे."

"फोनवर अनोळखी माणसाशी मला बोलता येत नाही. इथं येऊन सांगितलं तर चालेल?"

तिनं जरा विचार केला. "चालेल. पण असं भिंतीपाशी थांबायचं नाही."

मग नवा पिन टाकायला सांगून तिनं तोंड फिरवलं. फोन लांब धरून मी एकेक आकडा दाबला.

गाठीतली नोट मी गप्प राहूनही सांभाळली. या पैशांची राखण करणारे दुसरेही आहेत, पण मी तोंड उघडल्याशिवाय त्यांना काही कळत नाही. माझ्यासारखीला हेच अवघड.

चष्मा आला. शेजारीण अजून दुपारी चहाला येते. मी फोन हातात घेतला की ती खिडकीकडं तोंड करून म्हणते, "टाक बाई तुझा पिन. मी नाय बघत."

मला तिच्यासमोर लाज वाटते. तरी मी तिच्याकडं पाठ करूनच टाकते.