फोटोसाठी टोपी

"यातलं पेशंट कोण?" संस्थेच्या हॉलमध्ये सफारीतल्या सरांनी विचारलं.

माझी धाकटी बहीण चिऊ समोरच उभी होती. पाहुणे येणार म्हणून आईनं तिला पावडर-काजळ केलं होतं. जयंतीला घेतलेला निळा फ्रॉक घातला होता. आमच्यात पाहुण्यांसमोर असंच जातात.

सर हसले. "ही तर लग्नाला निघालीये. फोटोत आजार दिसायला नको का? पावडर पुसा. टोपी काढा."

आम्ही सोयगावचे. चिऊची केमो संपेपर्यंत चिकलठाण्याजवळ याच संस्थेच्या खोलीत राहतो. खोली गेली तर उपचार थांबले. हे हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

आईनं ओल्या पदरानं चिऊचं तोंड पुसलं. काजळ गालभर पसरलं.

"असंच राहू द्या," कॅमेरावाला म्हणाला.

मग टोपी. लोकरीची, आईनंच विणलेली. टक्कल उघडं पडताच चिऊनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"हात खाली, बेटा."

मग सर माझ्याकडे वळले. "तू इंग्लिश मीडियमची ना? आडनाव काय?"

मी सांगितलं. त्यांनी शेजारच्या मॅडमकडे पाहिलं. "बघा, यांच्यातली मुलंही जातात आता. चल, इंग्लिशमध्ये आभार मान. परदेशातल्या देणगीदारांना पाठवायचाय व्हिडिओ."

माइक हातात आला. मी वर्गातसुद्धा कधी हात वर केला नाही. आभाराची वाक्यं मात्र तोंडपाठ होती. शाळेनं तीच आधी शिकवली.

आई कानाशी म्हणाली, "बोल गं माय. खोली जाईल आपली."

चिऊ फरशीकडे बघत होती.

मी माइक टेबलावर ठेवला. आईच्या हातातून टोपी घेतली, चिऊला घातली. कानांवर ओढली.

"आता काढा फोटो." मी मराठीत म्हणाले.

कुणी काढला नाही. सर मॅडमना म्हणाले, "शिकवलं की असं होतं."

आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तिचं चुकत नाही. चिऊ टोपी घालूनच झोपते.

संस्थेचा फोन आला होता. उद्या ऑफिसात बोलावलंय. किल्ली मागतील. हात जोडून बघीन. नाहीच ऐकलं तर देईन. मग कुठं जायचं, मला माहीत नाही.

खोली त्यांची आहे. पण चिऊची टोपी आता चिऊच काढेल, तिला वाटेल तेव्हा. दुसऱ्या कुणाचा हात मी तिथं जाऊ देणार नाही. आईचाही नाही.