डिलीट करू नका

बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत ती दुधाची पाकिटं भरते. बोलणाऱ्याच्या ओठांवरून तिची नजर हलत नाही. नोकरी जाईल या भीतीनं तिनं आपलं बहिरेपण लपवलं होतं.

मी दिव्यांगांच्या रोजगारावर छोटे व्हिडिओ करतो. एकदा चहाच्या टपरीवर तीच म्हणाली, "माझा घ्या, दादा. माझ्यासारख्या लई पोरी घरी बसल्यात."

"मला ऐकू येत न्हाय, पन काम येतं," ती कॅमेऱ्यासमोर म्हणाली, तेव्हा तिचे मॅनेजर मागंच उभे होते. ते ऐकून निघून गेले. मॅनेजरनी ऐकलं, हे मी सांगताच ती पांढरीफटक पडली. तरी म्हणाली, "डिलीट करू नका."

तिला कामावरून काढलं नाही. व्हिडिओ बघून डाळज गावची एक बहिरी मुलगीही तिथं कामाला लागली. ही मात्र अजून रोज गेटवर, आज अडवतोय का म्हणून, आधी वॉचमनचा चेहरा न्याहाळते, मगच आत पाऊल टाकते.