पुटपुटबाई गप्प बसतात

नाटक कंपनीत त्यांना सगळे पुटपुटबाई म्हणायचे. मांडीवर संहिता घेऊन, विंगेतल्या स्टुलावर बसून, नटांना विसरलेली वाक्यं पुरवत बाईंनी भल्याभल्यांची अब्रू वाचवली. छातीवर पदकं मिरवणारे राजे त्यांच्या कुजबुजीवर राज्य करायचे. टाळ्या राजांना, बसलेला घसा बाईंना!

नवरा त्याच कंपनीतला सुतार. राजवाड्याची भिंत ठोकताना शिडीवरून पडला आणि डोकं आपटलं. जीव वाचला, हातपाय पुन्हा चालू लागले, पण शब्द घशाशी येऊन अडून बसले. इस्पितळातून घरी आला तसा बाईंनी जुनाच धंदा नव्या रंगमंचावर मांडला. तो "प..." म्हणाला की "पाणी!" तो "च..." म्हणाला की "चहा!" आणि दोन चमचे साखर घातलेला कप हातात. तो मान डोलवायचा. बिचारा दुसरं करणार काय?

"वहिनी, हा माझा भाऊ आहे की तुझा बोलका बाहुला?" नणंदेनं टोला हाणला.

"मग तुम्हीच करा ना त्यांची उठबस!" बाई फणकारल्या.

बोलणं शिकवायला येणारी पोरगी मात्र हसली नाही. "काकू, शब्द त्यांनीच शोधायला हवा. आयता मिळाला तर मेंदू कशाला कष्ट घेईल? असंच चाललं तर गाडी इथेच अडेल."

बाईंना ते झोंबलं. नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्यांना नुसत्या पाठीवरून कळायचं. थांबलेल्याच्या तोंडात शब्द कोंबणारा प्रॉम्प्टर म्हणजे गाढव, असं त्या स्वतःच नवशिक्यांना बजावायच्या. आणि घरी?

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा म्हणाला, "च..."

बाईंनी ओठ दाताखाली दाबले. नणंद तोंड उघडणार, तोच त्यांनी असे डोळे वटारले की ती जागच्या जागी मिटली. गॅसवर दूध उतू गेलं. बाई हलल्या नाहीत.

"चहात..." त्याच्या कपाळावर घाम फुटला. "चहात... साखर... नको."

"अगं बाई! कधीपासून?"

तो शब्द शोधत राहिला. बाई थांबल्या.

"लग्ना... पासून."

नणंद पोट धरून हसायला लागली. बाईंच्या डोळ्यांना धार लागली, पण आवाज चढलाच. "मग इतकी वर्षं तोंडात काय धरलं होतं?"

"तू... बोलू... देशील... तर!"

यावर बाईंकडे उत्तर होतं, चांगलं खणखणीत. पण त्याचं वाक्य संपलंय की तो नुसता थांबलाय, ते कळेना. म्हणून त्या गप्प बसल्या.