सुताराचा पाट

सुताराच्या पाच वर्षांच्या लेकीला शौचाला होता होत नसे. आजीचा भरवसा मनुकांच्या पाण्यावर, आईचा डॉक्टरांच्या पावडरीवर. लाकडावर एका वेळी एकच पॉलिश लावून बघावं, तसे उपायही एकेक करून बघू, असं सुताराने बजावलं होतं. पण दोघी आठवडाभर आपापलं गुपचूप पाजत राहिल्या. वैतागून त्याने लेकीसमोर ताटकळत बसायला स्वतःसाठी बुटका पाट ठोकला. कमोडवरून लोंबकळणारे पाय लेकीने त्यावरच टेकले, आणि काय सांगावं, झाली की! सुतार नाचतच बाहेर धावला.

"माझ्या मनुका!"

"माझी पावडर!"

"माझा पाट!"

आतून लेक किंचाळली, "आधी कुणीतरी धुवायला या!"