स्नायूवाले मामा

आजवर मला बसलेल्या धक्क्यांपैकी निम्मे नशिबाने दिले असतील. उरलेले सगळे माझ्या बायकोच्या मामांनी दिले. मी धाराशिवला कचेरीत नोकरी करणारा, कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारा माणूस. अशा माणसाच्या वाट्याला असले मामेसासरे यावेत, याचं मला अजून नवल वाटतं. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला त्यांनी तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, निदान कागदोपत्री तरी. प्रत्यक्षात फुलं, पानं, बेडूक आणि माणसाचं पोट हे सगळं ते दिवाळीच्या आत उरकायचे, मग स्नायूंचा धडा काढायचे आणि तो काही केल्या संपायचा नाही. डोक्यावर केस औषधालाही नाहीत, पण सदऱ्याच्या खिशात कायम दोन कंगवे. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या नाकासमोर एका कंगव्याचे दात दुसऱ्यात सरकवून ते विचारायचे, "पावनं, आता सांगा, कंगवा आखूड झाला का?" पाहुणे बिचारे पुढच्या थांब्यावर उतरायचे.

माझी सोयरीक ठरली तेव्हा पहिलं जेवण मामांकडेच होतं. मी आणि माझी आई नुकते टेकलो होतो, तोच मामांनी मला हाताला धरून परसात नेलं. पाटीत ताजं मटण होतं. त्यांनी एक तुकडा ताटलीत घेतला, त्यावर चिमूटभर मीठ टाकलं आणि माझ्या डोळ्यांदेखत तो तुकडा थरथरला! माझ्या तोंडून जी किंकाळी फुटली ती ऐकून आई धावत आली, आणि तिनेही ते पाहिलं. मामा मात्र लेकराचं कौतुक करावं तसे म्हणाले, "मेलंय व्हय, मेलंय. पण पेशीला अजून कळलं न्हाय. मीठ लागलं की तिला वाटतं वरून हुकूम आला!" आईने त्या दिवशी भाकरी ठेच्याशी खाल्ली आणि परतताना मला दोनदा विचारलं की अजून नाही म्हणता येईल का. पण स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडात धरून हसणारी मुलगी मी पाहिली होती. माझा नाइलाज होता.

लग्नातही त्यांनी आम्हाला सोडलं नाही. लोक आहेर देऊन, फोटो काढून खाली उतरत होते, मामांनी मात्र स्टेजवर माझा दंड पकडला. "आवळा!" मी आवळला. मागे रांग खोळंबली. "जावईबापू, तुमाला वाटतं आतला धागा आखडला. चूक! धागा हाय तेवढाच ऱ्हातो. एक जाड, एक बारीक. जाड धाग्याला बारकी बारकी मुंडकी असत्यात. मेंदूचा हुकूम आला, पेशीत कॅल्शियम सुटलं, की ती मुंडकी बारीक धाग्याला धरत्यात आन् वढत्यात. धागा धाग्यावर सरकतो. तवा कुठं तुमचा दंड फुगतो." माझा दंड पाहून त्यांनी जरा थांबून पुस्ती जोडली, "म्हंजे फुगायला पायजे." रांगेतली सगळी वाशी हसली. मी लाजेने जेवढी मान खाली घातली, तेवढी अक्षतांच्या वेळीही घातली नव्हती.

पण खरा धक्का बसला तो गेल्या उन्हाळ्यात. माझ्या सासूबाई म्हणजे मामांची थोरली बहीण. त्या वाशीलाच, मामांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एकट्या राहायच्या. गुडघे गेले होते. बायको म्हणत होती, आमच्याकडे या. त्या म्हणत होत्या, माझं घर मी सोडायची नाही. शेवटी बायको फोनवर चिडून म्हणाली, "मग ऱ्हा एकटी!" आणि फोन आपटला. तीन आठवडे दोघीही हट्टाला पेटल्या होत्या. आणि एका सकाळी मामांचा फोन आला, अक्का गेली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बायको आईजवळ बसली. तिने हात हातात घेतला, तर बोटं वळलेली, लाकडासारखी ताठ. तिने ती उघडायचा प्रयत्न केला. उघडेनात. शेजारची एक म्हातारी हळहळत म्हणाली, "मूठ आवळून गेली गं बाई. कुणावर तरी राग धरून गेली." बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. ती रडायचीही थांबली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

तेवढ्यात मामा पुढे सरकले. ते आता काय बोलणार ते मला कळलं होतं, आणि ते तेच बोलले. भरल्या घरात, बहिणीच्या मढ्याशेजारी मांडी घालून, त्यांनी स्नायूंचा धडा काढला! बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. कुणीतरी "अहो मास्तर!" म्हणालं. मामांनी तिकडे लक्षही दिलं नाही.

"पोरी, इकडं बघ. धाग्याला धरलेलं मुंडकं सुटायलाबी ताकद लागती. ती पेशीत रोज तयार होती. माणूस गेलं की हळूहळू ती संपती, आन् मग जे धरलं ते धरलंच ऱ्हातं. पण ते नंतर, काही तासांनी. जीव जातो तवा आधी सगळं अंग सैल पडतं. सगळ्यांचं. राग असूं दे न्हायतर माया असूं दे. तुझी आई सैल हातानं गेली."

बायकोने ती वळलेली मूठ तशीच उचलून आपल्या गालाला लावली आणि मोठ्याने रडली. मला हायसं वाटलं.

दहाव्याच्या दिवशी मामा अंगणात एकटेच बसले होते. माझ्या मनात शंका होती, ती मी विचारली: मामा, तुम्ही तेव्हा जे सांगितलं, ते तिची समजूत काढायला सांगितलंत का? मामा केवढे दुखावले! "जावईबापू, माणसाबद्दल एखाद्या येळंला बोललो आसतो खोटं. पेशीबद्दल न्हाय." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "अक्काला ताप व्हता म्हणून मी तिथंच झोपलो व्हतो. पाचला गेली. हात माझ्या हातात व्हता. सैल पडला, तवाच मला कळलं. बोटं लगीच सरळ करायची आसत्यात. तीस वर्षं शिकवलंय म्या, मला ठाऊक न्हाय व्हय? पण हात काढवंना. आठ वाजेस्तोवर तसाच बसलो. ती बोटं माझ्या हाताभवती वळलेली, तशीच ताठली."

हे बायकोला सांगू का, एवढंच मी विचारलं.

"सांगा," मामा म्हणाले, "आन् माझ्यावतीनं माफीबी मागा. माझ्यापायी पोरगी उगीच घाबरली."

मी अजून सांगितलेलं नाही. दोनदा सुरुवात केली, पण दोन्ही वेळा मामांच्या हातापर्यंत आलो आणि चहा ठेवायला उठून गेलो.